शुद्ध आली, मग आठवण का येत नाही? झोपेच्या गोळ्यांचा ओव्हरडोस आणि स्मृती

नाशिकच्या स्थानिक पानांवर काही बातम्या वरचेवर येतात. मालेगावात 'कुत्ता गोळी' नावाच्या नशेच्या गोळ्यांचा साठा पकडला. रेल्वेत सहप्रवाशाने आग्रहाने चहा-बिस्किट दिलं आणि नाशिकरोडला जाग आली तेव्हा पाकीट, मोबाईल, अंगठी सगळं गेलेलं. कुणीतरी घरातल्या झोपेच्या गोळ्या एकदम घेतल्या, वेळेत दवाखान्यात पोचल्यामुळे जीव वाचला. या सगळ्यांत एक वाक्य हमखास असतं: 'त्याला काहीच आठवत नाही.'

त्या वाक्यावर लोकांचा विश्वास बसत नाही. मी नाशिकमध्ये मेडिकलच्या काउंटरवर उभी राहणारी फार्मासिस्ट आहे. दवाखान्याची चिठ्ठी घेऊन आलेले नातेवाईक हमखास विचारतात, "अहो, आमच्याशी बोलत होते ते. स्वतः उठून पाणी प्यायले. मग आठवत कसं नाही?" काउंटरवर गर्दी असते, उत्तर दोन वाक्यांत देऊन होत नाही. शिवाय हा गैरसमज तसाच राहिला तर माणसाच्या उपचारात आणि घरच्या नात्यांत त्याचा फार त्रास होतो, असं मी पाहिलंय. म्हणून इथे नीट लिहिते.

या गोळ्या नेमक्या कुठल्या?

आपण ज्यांना 'झोपेची गोळी' किंवा 'टेन्शनची गोळी' म्हणतो त्यातल्या बऱ्याच बेंझोडायझेपाइन या गटातल्या असतात. अल्प्राझोलाम, लोराझेपाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम, नायट्राझेपाम ही त्यातली नावं. झोल्पिडेम रचनेने वेगळं आहे, पण मेंदूत ते त्याच जागी काम करतं. दुकानात ही नावं फारसं कुणी घेत नाही. 'पॉइंट टू फाईव्हची पट्टी द्या', 'आईची रात्रीची बारीक गोळी', असंच मागतात. मालेगावातली 'कुत्ता गोळी' म्हणजे बहुतेक वेळा अल्प्राझोलामच. डॉक्टर चिंतेच्या विकारावर देतात तीच गोळी, फक्त नशेसाठी विकलेली.

या गटातलं पहिलं औषध १९६० साली बाजारात आलं. त्याआधी झोपेसाठी बार्बिट्युरेट नावाच्या गोळ्या चालायच्या आणि त्यांचा डोस थोडा जास्त झाला तरी श्वास थांबायचा. त्या तुलनेत नव्या गोळ्या खूपच सुरक्षित ठरल्या. ही कीर्ती खरी आहे, पण अर्धीच. उरलेल्या अर्ध्याकडे पुढे येते.

मेंदूत जाऊन ती करते काय?

मेंदूतल्या पेशी एकमेकींना सतत संदेश पाठवत असतात. त्यांना शांत करणारं एक रसायन मेंदू स्वतःच तयार करतो, त्याला गाबा म्हणतात. पेशीवर गाबासाठी ठरलेली जागा असते. तिथे तो बसला की क्लोराइडचे कण आत शिरतात आणि ती पेशी चटकन पेटून उठत नाही. बेंझोडायझेपाइन त्याच जागेच्या शेजारी बसतं आणि गाबाचा परिणाम वाढवतं. ते स्वतःहून दार उघडत नाही, गाबा जे करतोय तेच अधिक वेळा घडवून आणतं. एकटं बेंझोडायझेपाइन जास्त झालं तर श्वास सहसा पूर्ण बंद पडत नाही, त्यामागचं कारण हेच. बार्बिट्युरेट मात्र गाबा नसला तरी पेशी शांत करू शकायचं.

या जागा मेंदूत सगळीकडे सारख्या नाहीत. काही प्रकारच्या जागांवर परिणाम झाला की भीती, धडधड कमी होते. दुसऱ्या एका प्रकारावर झाला की झोप येते आणि नवी आठवण तयार व्हायचं थांबतं. म्हणजे स्मृतीवरचा परिणाम या औषधाला अपघाताने चिकटलेला नाही. झोप आणणारी जी जागा, बऱ्याच अंशी तीच नवी आठवण रोखणारी. ओव्हरडोसमध्ये तो परिणाम टोकाला जातो, इतकंच.

डोळे उघडे होते, बोलत होता. तरी आठवत नाही?

रविवार कारंज्यावरच्या एखाद्या जुन्या किराणा पेढीची कल्पना करा. पुढे शेठ गिऱ्हाइकांशी बोलतोय, माल तोलतोय, पैसे घेतोय. मागे मुनीम बसलाय, प्रत्येक व्यवहार वहीत टिपणारा. एके दिवशी मुनिमाला डुलकी लागली. पुढचं दुकान जोरात चालू आहे, गिऱ्हाइकाला काही वेगळं जाणवतही नाही. संध्याकाळी वही उघडली तर दुपारचं पान कोरं. कुणी ते फाडलेलं नाही, कुणी शाई पुसलेली नाही. त्या पानावर कधी काही लिहिलंच गेलं नाही.

मेंदूतला हा मुनीम म्हणजे हिप्पोकॅम्पस. कानाच्या पातळीवर, मेंदूच्या आतल्या बाजूला, डावी-उजवीकडे एक-एक असतो. आज काय घडलं, कोण भेटलं, काय बोलणं झालं, याची नोंद त्याच्यामार्फत होते. बोलणं, चालणं, ओळखीचा चेहरा ओळखणं, सही करणं ही कामं मेंदूच्या दुसऱ्या भागांकडे आहेत. गोळ्यांच्या अमलाखाली ही कामं थोडीफार चालू राहतात. शब्द जड येतात, तोल जातो, पण माणूस 'आहे' असं वाटतं. नोंद मात्र होत नसते.

हे फक्त तर्काने सांगितलेलं नाही. १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन नावाच्या तरुणाला फिट्सचा भयंकर त्रास होता, म्हणून त्याच्या मेंदूतले दोन्ही बाजूंचे हिप्पोकॅम्पस बऱ्याच अंशी काढले. फिट्स कमी झाल्या. तो हुशारीने बोलायचा, शब्दकोडी सोडवायचा, लहानपणच्या गोष्टी सांगायचा. पण २००८ मध्ये वारला तोपर्यंत नव्याने भेटलेला माणूस थोड्या वेळाने त्याला पुन्हा अनोळखी असायचा. गोळ्यांमुळे घडतं ते याच धर्तीचं, मात्र काही तासांपुरतं किंवा दिवसांपुरतं.

डॉक्टर या परिणामाचा उपयोगही करून घेतात. दुर्बिणीतून पोटाची तपासणी करताना मिडाझोलाम नावाचं इंजेक्शन अनेकदा देतात. ते याच गटातलं. पेशंट 'कुशीवर वळा', 'गिळा' या सूचना ऐकतो, तसं करतो. आणि तपासणी संपवून बाहेर आणलं की विचारतो, "डॉक्टर, सुरू कधी करणार?" घरात कुणाची अशी तपासणी झाली असेल तर हा प्रश्न तुम्ही कदाचित ऐकला असेल. ओव्हरडोसच्या पेशंटचं कोरेपण त्याच जातीचं.

किती वेळाची आठवण जाते?

गोळी शरीरात किती काळ राहते यावर ते ठरतं. रक्तातलं औषध निम्म्यावर यायला लागणाऱ्या वेळाला अर्धायुष्य म्हणतात. झोल्पिडेमचं ते अडीच तासांच्या आसपास, अल्प्राझोलामचं साधारण अकरा तास, क्लोनाझेपामचं तीस-चाळीस तास. डायझेपामचं वयाप्रमाणे बदलतं: विशीतल्या माणसात वीसेक तास, ऐंशीच्या घरात नव्वद तासांपर्यंत. शिवाय यकृतात त्याचा जो पदार्थ बनतो तोही गुंगी आणणाराच आणि आणखी जास्त टिकणारा. त्यामुळे तीच चूक नातवाला लवकर सुटते आणि आजोबांना कितीतरी जास्त दिवस घेते.

ओव्हरडोसमध्ये मुळात औषधच जास्त असतं, म्हणून ते सुरक्षित पातळीवर यायला अशी अनेक अर्धायुष्यं जावी लागतात. माणूस डोळे उघडतो, घरच्यांना नावाने हाक मारतो, सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. वहीत लिहिणं त्यानंतरही बराच वेळ सुरू झालेलं नसतं. वॉर्डात हे दृश्य ठरलेलं असतं: पेशंट विचारतो, "मी इथं कसा आलो?" बायको सगळं सांगते. तो मान डोलावतो. दहा मिनिटांनी पुन्हा, त्याच चेहऱ्याने, "मी इथं कसा आलो?" तिसऱ्या वेळी तिचा आवाज चढतो. त्याला मागची दोन उत्तरं खरोखर मिळालेलीच नसतात.

गोळ्या घेण्याच्या आधीचं काय, असंही विचारतात. ते सहसा शाबूत असतं. प्रयोगांत तर असं दिसलंय की औषध घेण्याच्या लगेच आधी शिकलेल्या गोष्टी काही वेळा जास्तच चांगल्या आठवतात, कारण त्यांच्यावर नंतरच्या नोंदींची गर्दी होत नाही. म्हणून कुणी महिन्यांपूर्वीचं, वर्षांपूर्वीचं विसरला असेल, माणसंच ओळखत नसेल, तर 'गोळ्यांमुळे असेल' म्हणून सोडू नका. डोक्याला मार, फिट, ऑक्सिजनची कमतरता, मनावरचा मोठा आघात यांपैकी काहीतरी डॉक्टरांना शोधावं लागतं.

"नाटक करतोय. सोयीचं तेवढं विसरतो."

हा आरोप मी सर्वांत जास्त ऐकते, आणि तो ऐकून वाईट वाटतं. त्या अर्धवट शुद्धीत माणूस काहीबाही बोलतो. कधी रडतो, कधी वर्षानुवर्षं न बोललेलं बोलून जातो, कधी कुणाला फोन लावतो, एखादा कागदही सही करून देतो. दुसऱ्या दिवशी नातेवाईक जाब विचारतात आणि त्याच्याकडे उत्तर नसतं.

कोऱ्या पानावर कितीही बोट ठेवलं तरी अक्षर उमटत नाही. उलट सारखं 'आठव, आठव' केलं की मेंदू रिकामी जागा ऐकीव गोष्टींनी भरतो. भावाने सांगितलेलं, शेजाऱ्याने सांगितलेलं त्याला स्वतःचं आठवल्यासारखं वाटू लागतं. पोलिसांना जबाब द्यायचा असेल तर ही फार घातक गोष्ट आहे. जे माहीत नाही ते 'माहीत नाही' असंच राहू द्यावं. आणि त्या अवस्थेतल्या सह्यांवर, होकारावर, कबुलीवर घरात कुणी काही उभारू नये, हे मी ठामपणे म्हणते.

गेलेली आठवण परत येईल का?

त्या तासांची नाही. संमोहन, बदाम, ब्राह्मी, बुद्धिवर्धक सिरप यांनी न झालेली नोंद तयार होत नाही. अशी सिरपं मागायला लोक येतात, मी त्यांना पैसे वाचवायला सांगते. एखादा तुटक तुकडा आठवू शकतो: ॲम्ब्युलन्सचा भोंगा, कुणाचा तरी हात. गुंगी दर क्षणी सारखी खोल नसते, म्हणून एखादी नोंद निसटून होते.

दिलासा देणारी गोष्ट अशी की औषध शरीरातून निघून गेलं की मुनीम पुन्हा लिहायला बसतो. नवं शिकणं, लक्षात ठेवणं पूर्ववत होतं. बहुतेकांच्या बाबतीत हेच घडतं.

दवाखान्यात उतारा नाही का, असं विचारतात. आहे, फ्लुमाझेनिल. ते शिरेतून देतात आणि पेशंट काही मिनिटांत जागा होऊ शकतो. पण प्रत्येकाला ते देत नाहीत. रोज या गोळ्या घेणाऱ्याला त्याने फिट येऊ शकते. फिट आणणारी दुसरी औषधंही सोबत घेतली असतील तर धोका आणखी मोठा. शिवाय त्याचा परिणाम तासाभरात ओसरतो आणि माणूस पुन्हा गुंगीत जातो. म्हणून डॉक्टर बऱ्याचदा श्वास आणि रक्तदाब सांभाळत औषध उतरायची वाट बघतात. 'काहीच करत नाहीत' असं बाहेर बसलेल्यांना वाटतं. ते लक्ष ठेवणं हाच त्या वेळचा उपचार असतो.

मग कायमचं नुकसान होतं ते कधी?

ती उरलेली अर्धी कीर्ती इथे उघडी पडते. एकट्या बेंझोडायझेपाइनने श्वास सहसा थांबत नाही. सोबत दारू असेल, ट्रामाडोलसारखं किंवा कोडीनसारखं अफूच्या वर्गातलं औषध असेल, तर चित्र पूर्ण बदलतं. मेंदूतलं श्वासाचं केंद्र दोन बाजूंनी दाबलं जातं. श्वास उथळ होतो, जीभ मागे पडते, घोरल्यासारखा आवाज येतो. घरचे म्हणतात, गाढ झोपलाय, झोपू द्या. माझ्या मते सगळ्या प्रकरणातली ही सर्वांत महागात पडणारी समजूत आहे.

ऑक्सिजन कमी पडला की मेंदूतल्या ज्या पेशी आधी मरतात, त्यांत हिप्पोकॅम्पसच्या पेशी येतात. इथे मुनिमाला डुलकी लागलेली नसते, मुनीमच जखमी झालेला असतो. औषध उतरलं तरी माणूस नव्या गोष्टी धरून ठेवू शकत नाही. कालचं जेवण, सकाळचा फोन, वाटेत ठरलेलं काम निसटत राहतं. अशांना न्यूरॉलॉजिस्ट, एमआरआय आणि चिकाटीचं पुनर्वसन लागतं. काहींत हळूहळू सुधारणा होते, काहींत उणीव राहते.

"मी तर डॉक्टरांनी दिलेली अर्धी गोळी घेते. माझंही असंच होणार?"

ओव्हरडोससारखं नाही. पण रोजच्या डोसचाही स्मृतीवर थोडा परिणाम असतो, आणि यात एक फसवी गोष्ट आहे. झोपेवरच्या परिणामाची शरीराला काही आठवड्यांत सवय होते. नोंदीवरच्या परिणामाची तितकी होत नाही. म्हणून 'आता या गोळीने झोपही नीट येत नाही' म्हणणाऱ्या माणसाचा विसराळूपणा मात्र चालूच राहतो. साठीपुढे तो जास्त जाणवतो, आणि घरात त्याला सरळ 'वय झालं' म्हणून टाकतात. या गोळ्यांमुळे पुढे डिमेन्शिया होतो का यावर संशोधकांत एकमत नाही. वृद्धांत त्यांनी गोंधळ आणि पडून हाड मोडणं वाढतं, यावर आहे.

आजी रात्री गोळी घेतात, घेतल्याचं विसरतात, आणि झोप येईना म्हणून आणखी एक घेतात. असे नकळत झालेले जादा डोस मी पाहिलेत. पट्टी उशाशी ठेवू नका. वारांच्या खणांची डबी आणा आणि रात्रीची गोळी घरातल्या दुसऱ्या कुणीतरी हातावर द्यावी.

हे वाचून कुणी आज रात्रीपासून गोळी बंद करू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. अनेक महिने घेतलेली गोळी एकदम तोडली तर फिट येऊ शकते. ती डॉक्टरांच्या सांगण्याने आठवड्या-आठवड्यांनी, थोडीथोडी कमी करायची असते. आणि चिठ्ठीशिवाय आम्ही ही पट्टी देत नाही याचा राग धरू नका. अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम ही औषधं शेड्यूल एच-१ या औषध नियमांतल्या कडक यादीत आहेत. डॉक्टरांचं नाव, पेशंटचं नाव, किती गोळ्या दिल्या, हे सगळं आम्हाला वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून तीन वर्षं जपावं लागतं.

गुंगीचं औषध देऊन लुटलं असेल तर

२०२७ च्या सिंहस्थासाठी लाखो लोक नाशिक-त्र्यंबकला येणार आहेत, त्यामुळे हे मुद्दाम लिहिते. प्रवासात खाण्यापिण्यातून दिल्या जाणाऱ्या औषधांत लोराझेपामसारखी याच गटातली औषधं असतात. लुटला गेलेला माणूस संशयिताचा चेहरा सांगू शकत नाही, याचा अर्थ तो काही लपवतोय असा होत नाही. पुरावा त्याच्या डोक्यात नाही, शरीरात आहे. लघवीचा आणि रक्ताचा नमुना जितका लवकर, शक्यतो त्याच दिवशी, घेतला जाईल तितका उपयोग. साध्या पट्टीवरच्या लघवी तपासणीत लोराझेपाम किंवा क्लोनाझेपाम सुटू शकतं. ती निगेटिव्ह आली म्हणून विषय संपत नाही, नमुना न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जायला हवा. बाईवर असा प्रसंग आला असेल आणि तिला मधले तास आठवत नसतील, तर तिच्या बोलण्यावर विश्वास ठेवून ताबडतोब वैद्यकीय तपासणीला नेणं हे घरच्यांचं पहिलं काम.

घरात असा प्रसंग आला तर

१०८ ला फोन करा. माणसाला डाव्या कुशीवर झोपवा, म्हणजे उलटी झाली तरी श्वासात जाणार नाही. मीठ-पाणी पाजून उलटी काढू नका, कॉफी पाजू नका, गार पाण्याखाली बसवू नका. अर्धवट शुद्धीत घशात गेलेलं फुफ्फुसात उतरतं. श्वासावर नजर ठेवा. रिकाम्या पट्ट्या, बाटल्या, डॉक्टरांची फाइल सोबत न्या. दारू घेतली असेल तर लाज बाजूला ठेवून सांगा, कारण उपचार त्यावर फिरतो. 'किती घेतल्या?' हे त्या माणसाला विचारून आलेल्या उत्तरावर विसंबू नका, त्याला ते माहीत असेलच असं नाही. पट्टीतले रिकामे खण मोजा.

बरेच जण पोलिस केस होईल म्हणून दवाखान्यात नेत नाहीत, किंवा 'चुकून घेतल्या' असं सांगतात. मानसिक आरोग्य कायदा २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं धरलं जातं आणि तिच्यावर त्यासाठी खटला चालवत नाहीत. डॉक्टरांना खरं सांगा.

आणि त्या दिवसाची आठवण नाही म्हणून त्यामागचं दुःखही विसरलं गेलं, असं समजू नका. ते आधीचं आहे, आधीची पानं शाबूत असतात. घरी येणारा माणूस त्याच कर्जाकडे, त्याच भांडणाकडे, त्याच एकटेपणाकडे परत येतो, वर चारचौघांच्या प्रश्नांचं ओझं घेऊन. मानसोपचारतज्ज्ञाची भेट दवाखान्यातून निघायच्या आधीच ठरवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर कुठल्याही वेळी फुकट आणि मराठीत बोलता येतं. हे वाचताना तुमच्या स्वतःच्याच मनात तसे विचार असतील, तर तुम्हीही आत्ता फोन करा. घरातल्या उरलेल्या गोळ्या मोजून कुलपात ठेवा.

पहिले काही दिवस त्याने गाडी चालवू नये, गॅसपाशी एकट्याने उभं राहू नये. औषधांच्या वेळा, पुढच्या तपासणीची तारीख, डॉक्टरांनी काय सांगितलं हे मोठ्या अक्षरात कागदावर लिहून भिंतीला लावा. डिस्चार्जच्या वेळी डॉक्टरांनी त्याला समजावलेलं त्याच्या लक्षात राहिलंय असं गृहीत धरू नका. सूचना घेताना दुसरं कुणीतरी सोबत असावं.

एक गोष्ट फार थोड्या लोकांना माहीत असते. ऑक्सिजन कमी पडलेल्या काही पेशंटमध्ये माणूस आधी पूर्ण बरा झाल्यासारखा दिसतो आणि मग काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी पुन्हा बिघडतो. गोंधळतो, चाल मंदावते, बोलणं कमी होतं, स्वभाव बदलतो, आठवण पुन्हा निसटू लागते. हे क्वचित घडतं, पण घरचे त्याला 'पुन्हा गोळ्या घेतल्या असतील' किंवा 'मनाने खचलाय' असं समजून वेळ घालवतात. असं काही दिसलं तर त्याच दिवशी न्यूरॉलॉजिस्टला दाखवा, आणि मागच्या ॲडमिशनची फाइल सोबत घेऊन जा.